३५२ कागद आणि एक बालपण : बालछळाच्या चौकशीची फाइल कोणी वाचायची?

१/
मुलाचा छळ होतो आहे अशी कुणकुण लागली की यंत्रणा चौकशी करते. शेजारी काय म्हणाले, डॉक्टरांनी काय पाहिले, मूल स्वतः काय बोलले, हे सारे कागदावर उतरते आणि एक फाइल तयार होते. ती फाइल त्या घरातल्या माणसांना वाचता यावी का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न तीन दशके न्यायालयांत गाजला. हा थ्रेड त्या लढ्याविषयी.

२/
मुलांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८८४ साली लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. १८८९ मध्ये तिला राष्ट्रीय स्वरूप आले आणि त्याच वर्षी मुलांच्या संरक्षणाचा पहिला मोठा कायदाही संमत झाला. हीच आजची एनएसपीसीसी. गल्लीबोळांत फिरणाऱ्या तिच्या निरीक्षकाला लोक ‘क्रुएल्टी मॅन’ म्हणत. त्याचे सारे काम खबरीवर चाले आणि खबर मिळे ती एकाच भरवशावर : सांगणाऱ्याचे नाव बाहेर फुटणार नाही.

३/
जानेवारी १९७३. ब्रायटनमध्ये मारिया कोलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारहाणीत दगावली. शेजाऱ्यांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या, तरी तिला कोणी वाचवले नव्हते. देश हादरला. ‘उगाच संशय घेतला’ या आरोपापेक्षा ‘वेळेवर गेलो नाही’ हा आरोप यंत्रणांना अधिक भयंकर वाटू लागला.

४/
त्याच वर्षाच्या डिसेंबरात एनएसपीसीसीचा निरीक्षक एका घरी पोचला. चौदा महिन्यांच्या मुलीला मारहाण होते, अशी खबर होती. आईने घरच्या डॉक्टरांना बोलावले. मुलीच्या अंगावर माराची एकही खूण नव्हती. खबर खोटी होती. पण त्या धक्क्याने आईची प्रकृती ढासळली. खबर देणाऱ्याचे नाव सांगा, अशी तिची मागणी होती.

संस्था नकार देत राहिली. अपील न्यायालयात दोन न्यायाधीश आईच्या बाजूने गेले, लॉर्ड डेनिंग मात्र संस्थेच्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो निकाल फिरवला. पोलिसांच्या खबऱ्याला जे संरक्षण मिळते तेच इथेही हवे, अन्यथा कोणी बोलणार नाही आणि मुले मरतील, असा तो विचार. मारिया कोलवेलनंतर तो खोडून काढणे कठीणच होते. त्याची किंमत मात्र एका निर्दोष आईने मोजली.

५/
इथवर प्रश्न खबरीच्या नावाचा होता. पण ज्याच्याविषयी फाइल लिहिली गेली, ते मूलच मोठे होऊन ती मागू लागले तर?

६/
ग्रॅहम गॅस्किन यांचा जन्म डिसेंबर १९५९ चा. आई वारल्यावर सप्टेंबर १९६० मध्ये, जेमतेम नऊ महिन्यांचे असताना, ते लिव्हरपूल नगरपरिषदेच्या ताब्यात गेले. मधले काही आठवडे-महिने वडिलांकडे गेले ते सोडले, तर अठरा वर्षांचे होईपर्यंत परक्या घरांतून त्यांची पाठवणी होत राहिली. या काळात आपला छळ झाला, असे त्यांचे म्हणणे.

१९७९ मध्ये नगरपरिषदेवर दावा लावण्यासाठी त्यांनी स्वतःची फाइल मागितली. ती केवळ दाव्यापुरती नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे. चारचौघांना आपले लहानपण आईबापांकडून, आजीकडून, शेजाऱ्यांकडून ऐकायला मिळते. गॅस्किन यांच्या लहानपणाचा साक्षीदार म्हणजे ते दप्तर.

७/
१९८० मध्ये अपील न्यायालयाने नकार दिला. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, सांभाळ करणारी कुटुंबे यांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून गोपनीयता हवी, असे कारण दिले गेले. पुढे नगरपरिषदेने वेगळी वाट काढली : ज्याने कागद लिहिला त्याचीच संमती विचारायची. फाइलमध्ये सुमारे ३५२ कागद होते आणि ते लिहिणारे ४६ जण. मे १९८६ मध्ये गॅस्किन यांच्या हाती पडले ६५ कागद, १९ जणांचे.

उरलेले? कोणी नकार दिला असेल, कोणी उत्तरच दिले नसेल. एका माणसाचे बालपण कोणा अनोळखी माणसाच्या अनुत्तरित पत्रामुळे कुलूपबंद राहत होते.

८/
७ जुलै १९८९. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला दोषी ठरवले. हा निकाल नीट वाचण्याजोगा आहे, कारण सगळे कागद खुले करा असे तो म्हणत नाही. संमती विचारण्याची पद्धतही त्याने अयोग्य ठरवली नाही. दोष एवढाच की संमती मिळालीच नाही, तर अंतिम निर्णय देणारा कोणी त्रयस्थ नव्हता. खासगी व कौटुंबिक जीवनाचा हक्क तिथे मोडला. भरपाई ५,००० पौंड.

९/
एक विचित्र योगायोग. या निकालाच्या तीनच महिने आधी, १ एप्रिल १९८९ पासून, समाजसेवा विभागातील वैयक्तिक फायली पाहण्याचा हक्क ब्रिटनमध्ये लागू झाला होता. पण त्या तारखेनंतर केलेल्या नोंदींपुरताच! ज्यांचे बालपण आधीच सरून गेले होते, त्यांच्या पदरी काही नाही. जुन्या नोंदींची दारे किलकिली झाली ती १९९८ च्या माहिती संरक्षण कायद्याने, तोही अमलात आला मार्च २००० मध्ये.

१०/
आईबापांचे काय? १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या एका जोडप्याच्या खटल्यात स्ट्रासबर्गने पुन्हा ब्रिटनला दोष दिला. त्यांच्या बाळाविषयीच्या सुनावणीत समितीपुढे जे अहवाल होते, ते आईबापांना दाखवलेच नव्हते.

११/
सर्वांत जिव्हारी लागणारे प्रकरण लंडनच्या न्यूहॅम भागातले. नोव्हेंबर १९८७. चार वर्षांच्या एका मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय होता. मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी तिची मुलाखत घेतली, व्हिडिओही केला. मुलीने एक नाव घेतले. ते आईच्या मित्राचे नाव होते. आई मुलीचे रक्षण करू शकणार नाही, असे ठरवून मुलीला तिच्यापासून दूर नेण्यात आले.

आई सांगत राहिली की हे शक्य नाही, मला तो व्हिडिओ दाखवा. नकार मिळाला.

सुमारे वर्षभराने तिच्या वकिलांना मुलाखतीची लेखी प्रत पाहायला मिळाली. ज्याने त्रास दिला त्याला आईने घरातून हाकलून दिले आहे, असे मुलीने त्यात सांगितले होते. तो आईचा मित्र नव्हता. त्याच नावाचा, पूर्वी त्या घरात राहून गेलेला एक नातेवाईक होता. आईने एकदा वाचले असते तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

१२/
ब्रिटिश न्यायालयांनी नुकसानभरपाईचा दावा चालवूच दिला नाही. १९९५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. १० मे २००१ रोजी स्ट्रासबर्गच्या सतरा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. पहिल्या दिवशी मुलीला हलवण्यात चूक नव्हती, हे त्यांनी मान्य केले. पण व्हिडिओ दाखवायचा की नाही, हे ज्यांच्या कामावरच आक्षेप आहे त्यांनी ठरवायचे नसते. आईने मागितले असो वा नसो, तो प्रश्न न्यायालयापुढे तातडीने नेणे हे प्रशासनाचेच कर्तव्य होते.

मायलेकींना प्रत्येकी १०,००० पौंड मिळाले. मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती.