पत्ते झाकावेत, भाषा नव्हे

१८७८ साली मनमाडचा लोहमार्ग येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन झालं. गाड्यांच्या वेळेवर चालणाऱ्या अशा गावात पत्त्यांचे डाव न बसते तरच नवल! आमच्या रेल्वे वसाहतीत रविवारी दुपारी ब्रिज चाले. माझे भिडू शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे, एक गुरुजी. ते एसटीनं यायचे.

एकदा आम्ही दोघांनी गुपचूप ठरवलं, की ‘दोन चौकट’ अशी बोली लावली तर चौकट समजायचं नाही. बदाम किंवा इस्पिकची सहा पानं आणि हलका हात समजायचा. समोरचे चौकट धरून चालले आणि फसले. निवृत्त गार्डकाकांनी विचारलं, “काय ठरलंय रे तुमचं?” मी म्हणालो, “ते आमचं गुपित.” काकांनी पानं खाली ठेवली. “अरे, पत्ते झाकायचे असतात, भाषा नाही.” डाव तिथंच मोडला.

अमेरिकेतल्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये गुणांची नवी पद्धत बसवली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज रूढ झाला. यात बोल्या ३५. शिवाय पास, डबल आणि रिडबल. एवढ्या ३८ शब्दांत १३ पानांचं वर्णन करायचं, म्हणून संकेत आले. १९३३ मध्ये ब्लॅकवुड यांनी ‘चार नोट्रम्प’चा अर्थ ‘तुझ्याकडे एक्के किती?’ असा ठरवला. संकेत खुशाल ठरवा. पण ते प्रतिस्पर्ध्यांनाही कळले पाहिजेत, असा नियम आहे.

मात्र टेबलावर माझ्या बोलीचा अर्थ भिडू सांगतो. तो मला बरोबर समजला की नाही, हे मग मलाही कळतं! १९७५ मध्ये बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदे लावले गेले. त्याच स्पर्धेत इटलीच्या दोघांवर टेबलाखालून पायानं खुणा केल्याचा आरोप झाला. २०२० मध्ये करोनामुळे खेळ संगणकावर गेला. इथं ज्याची बोली त्यानंच अर्थ लिहायचा. तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, भिडूला नाही. अर्थात, भिडूला गुपचूप फोन लावणाऱ्यापुढे कुठला पडदा पुरणार? शेवटी भिस्त माणसाच्या सचोटीवरच.

आता मी दौंडला आणि गुरुजी शिरूरला बसून संगणकावर खेळतो. ‘दोन चौकट’ लावताना मी लिहितो, ‘बदाम किंवा इस्पिक, सहा पानं, हलका हात.’ गार्डकाका आज नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी असं उशिरा देतो आहे.