प्रत्यारोपणापूर्वीची पावले : प्रस्तावना

आंघोळ करतानाही ज्याला धाप लागते, ऑक्सिजनची नळी ज्याच्या नाकावरून उतरत नाही, त्याला ट्रेडमिलवर कशाला चढवायचे? फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णाचा व्यायाम पाहून नवख्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतो, आणि पडावाच. फायब्रोसिसने कडक झालेले फुप्फुस चालण्याने मऊ होत नाही.

उत्तर मांड्यांमध्ये आहे. धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो, स्नायू झिजतात, झिजलेले स्नायू थोडक्या कामात थकतात आणि धाप आणखी लवकर लागते. नवे फुप्फुस बसले की हे आपोआप सुधारत नाही. उलट अतिदक्षता विभागातले दिवस आणि स्टेरॉइडसारखी औषधे त्यात भर घालतात. प्रत्यारोपण उत्तम झालेला रुग्णही जिना चढताना बहुधा श्वासाने नव्हे, पायांनी अडतो.

मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये माणसावर पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले; रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारे यश १९८३ मध्ये टोरोंटोत जोएल कूपर यांच्या चमूला मिळाले. पुढे त्याच केंद्रात यादीतल्या रुग्णाने आठवड्यातून तीनदा व्यायामाला येणे हा उपचाराचाच भाग ठरला. मला हा निर्णय शस्त्रक्रियेच्या तंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आपले मुख्य मोजमाप साधे आहे : ३० मीटरच्या सपाट मार्गावर सहा मिनिटांत चाललेले अंतर. रुग्ण मध्येच थांबू शकतो, घड्याळ मात्र थांबवायचे नाही. अमेरिकेत २००५ पासून फुप्फुसवाटपाच्या गुणांकनातही हे अंतर धरले गेले.

व्यायाम मात्र सगळ्यांना एकसारखा देता येत नाही. फायब्रोसिसमध्ये दहा-वीस पावलांतही ऑक्सिजन झपाट्याने घसरू शकतो. तो साधारण ८८ टक्क्यांच्या खाली जाऊ नये म्हणून प्रवाह वाढवावा लागतो, चालणे तुकड्यातुकड्यांनी करावे लागते. सीओपीडीत उच्छ्वासाला वेळ हवा. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये आधी कफ काढायचा, मग व्यायाम. फुप्फुसातला रक्तदाब वाढलेल्याला चक्कर आली, की तिथेच थांबायचे. इथे हट्ट नको.

दात्याचे फुप्फुस मिळाल्याचा फोन कधी येईल हे कुणालाच माहीत नसते, त्यामुळे या कार्यक्रमाला शेवटची तारीख नाही. आजार बळावत असताना ताकद वाढली नाही, निव्वळ टिकली, तरी ती प्रगती समजावी. घाईत असलेल्या वाचकाने आधी ऑक्सिजनचे प्रकरण वाचावे. वजने आणि सायकल त्यानंतर.