सर्वज्ञ निवेदकाची रजा

'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' याला मराठीत 'वस्तुनिष्ठ' म्हणावे तर पंचाईत होते. समीक्षेने तो शब्द 'व्यक्तिनिष्ठ'च्या विरुद्धार्थी कधीच वापरून घेतला आहे. आणि गंमत अशी, की आज्ञावली रचण्याच्या या पद्धतीत निर्जीव वस्तूंना जवळजवळ व्यक्तीच मानावे लागते. ही पद्धत विद्यार्थ्यांना शिकवायची कशी, याविषयी १९८०च्या दशकाअखेर जी परस्परविरोधी मते मांडली गेली, ती म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटू नयेत.

पद्धतीचे मूळ नॉर्वेतले. ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन निगार्ड यांनी ऑस्लो येथे १९६०च्या दशकात 'सिम्युला' ही भाषा घडवली. पुढच्या दशकात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'स्मॉलटॉक' रचली. अडचण आली ती शिकणाऱ्यांची. आधी काय, मग काय, अशा क्रमाने आज्ञा लिहिण्याची त्यांना सवय होती.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या 'ऊप्स्ला' परिषदेत एक छोटा निबंध मांडला. त्यांचे निदान असे, की सगळ्या घडामोडींवर एकाच ठिकाणाहून ताबा ठेवण्याची सवय सोडणे शिकणाऱ्याला सर्वांत जड जाते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर त्याला सर्वज्ञ निवेदकाला रजा द्यावी लागते. प्रत्येक पात्राला फक्त स्वतःपुरते ठाऊक असते आणि बाकीचे दुसऱ्याला विचारावे लागते. यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता ४ × ६ इंचांची कागदी कार्डे. प्रत्येकावर तीनच गोष्टी लिहायच्या: वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या, त्याचे सहकारी. समजा ग्रंथालयाची रचना करायची आहे. 'सभासद', 'पुस्तक', 'देवघेव' अशी कार्डे मांडायची आणि विचारायचे: मुदत उलटली तर? दंड कोण मोजणार? ज्याची पाळी येईल ते कार्ड विद्यार्थ्याने हातात उचलायचे आणि त्याच्या भूमिकेतून बोलायचे. अजून लिहिलेच नाही असे कार्ड जिथे येणार, त्या टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे लोक बोट दाखवतात, हे या दोघांचे निरीक्षण मला फार बोलके वाटते. (पुढे १९९५ मध्ये पहिली विकी उभारली ती याच कनिंगहॅम यांनी. मराठी विकिपीडियाचे आजोळ असे इथे सापडते.)

याच्या अगदी उलट भूमिका एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी डिसेंबर १९८८ मध्येच, संगणकशास्त्र खरोखर शिकवण्यातल्या क्रौर्याविषयीच्या आपल्या लेखात मांडली होती. आज्ञावली हे त्यांच्या मते एक सूत्र. ते सिद्ध करायचे असते. तिच्या घटकांना माणसासारखे वागवले, की विद्यार्थी लिहिलेल्या संहितेऐवजी काळात घडणाऱ्या हालचालींचा विचार करू लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना आज्ञावली चालवून बघायलाच मिळू नये, इतक्या टोकाला ते गेले. आपल्याकडे चेतनगुणोक्ती हा अलंकार. त्यांच्या लेखी तो तर्कदोष होता.

त्यांचा आक्षेप सिद्धतेपुरता मला मान्य आहे. 'खाते विचारते', 'पुस्तक सांगते' असे म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पण रचना शिकवणे हे वेगळे काम आहे. तिथे उत्तर बरोबर की चूक यापेक्षा कोणते काम कोणाकडे सोपवले, हे आधी पाहावे लागते, आणि त्यासाठी भूमिकेत शिरण्यासारखा दुसरा मार्ग मला दिसत नाही. शिवाय कार्ड लहान असते. जबाबदाऱ्या त्यावर मावेनाशा झाल्या, की या पात्रावर लेखकाने भलताच भार टाकला आहे हे शिक्षकाने सांगावे लागत नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएल ही आरेखनाची प्रमाणित भाषा मान्य झाली आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतही रुळली. पोकळ टोकाचा बाण कुठे, भरीव चौकोन कुठे, हे प्रश्नपत्रिकेत विचारायला सोपे असते. आराखडा काढणारा मात्र पुन्हा वरून सगळे एकदम पाहतो. पडद्यावरची चौकट हवी तेवढी ताणता येते, त्यामुळे 'ग्रंथालय' नावाच्या एकाच चौकटीत सारी कामे कोंबलेली रचना नीटनेटकी दिसते आणि गुणही मिळवून जाते.