थंडगार आम्रखंडाची गोष्ट

अक्षय्य तृतीया. पाहुणे साडेबाराला येणार आणि दहाच्या सुमारास लाइट गेले! फ्रीजमध्ये माझ्या आयुष्यातलं पहिलं आम्रखंड: किलोभर दही रात्रभर पंच्यात टांगून केलेला चक्का, तीन हापूसचा आटवलेला रस, पिठीसाखर, वेलची, जायफळ, केशर. आमच्याकडे पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय मोसमाचा पहिला आंबा कोणी तोंडात घालत नाही. यंदा त्या पितरांत आजीही होती. त्यामुळे हा पदार्थ बिघडून चालणार नव्हता.

आईला फोन लावला. ती म्हणाली, "आधी फ्रीज उघडझाक करणं बंद कर." झालं, आता करायचं काय? लॅपटॉपची बॅटरी होती, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला... फ्रीज नव्हते तेव्हा लोक हे कसं खात असतील?

चक्क्याचं उत्तर सोपं निघालं. कल्याणीचा (आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त शिखरिणी आहे, म्हणजे आपल्या श्रीखंडाची पणजी. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त तर कृतीच दिलीय. पाणी काढलेलं म्हशीचं दही साखर घालून कापडावर घासून गाळायचं, वर वेलची, लवंग, कापूर आणि मिरी. अशी रसाला म्हणे भीमानं केली आणि कृष्णानं आवडीनं खाल्ली. आंबा मात्र त्यात नाही.

हापूसची गोष्ट वेगळी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढे तिथे आंब्याची कलमं बांधायला सुरुवात झाली. अफोंसो द आल्बुकर्कच्या नावावरून 'अफोंसो', त्याचा आपण केला हापूस. याची कोय लावली तर झाड आईसारखं निघेलच याची खात्री नाही, म्हणून कलमच हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर नुसती कॉपी-पेस्ट :) म्हणजे माझ्या वाटीतला प्रत्येक हापूस कलमामागे कलम करत इथवर आलेला.

आणि गारवा? 'आइन-इ-अकबरी'त अबुल फजल लिहितो की अकबराचं पाणी सोऱ्यानं गार करत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. १५८६ मध्ये दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ यायला लागलं, पण ती चैन बड्यांची. मग फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं कमालच केली. १८३३ मध्ये बॉस्टनहून 'टस्कनी' जहाजात तळ्यांचं १८० टन बर्फ भरलं आणि चार महिन्यांनी त्यातलं सुमारे १०० टन कलकत्त्याला उतरवलं! लवकरच मुंबईतही बर्फ आलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, तर यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'नं छापली. भारतीय बनावटीचा फ्रीज गोदरेजनं आणला तो थेट १९५८ मध्ये.

म्हणजे बघा मंडळी, चक्का निदान नऊशे वर्षांचा, कलमी आंबा चार-पाचशे वर्षांचा, आणि मध्यमवर्गीय घरातला फ्रीजचा गारवा माझ्या आजीपेक्षाही लहान. मी मात्र त्या गारव्यासाठीच जीव टांगणीला लावून बसलो होतो.

साडेअकराला आईचा पुन्हा फोन. "अरे, आजीकडे फ्रीज कुठे होता? परातीत पाणी घालायची, त्यात पातेलं ठेवायची, वरून ओला पंचा. आणि खिडकीत वारं लागेल असं ठेवायची."

चक्क्याचाच पंचा धुऊन, भिजवून पातेल्यावर टाकला. बाष्पीभवन काय ते शाळेत शिकलो होतो, पण सुचलं नव्हतं. नैवेद्य वेळेत दाखवला. आम्रखंड थंडगार नव्हतं, पण वेलची आणि आंबा जिभेवर जास्त लागत होते. एका काकांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

लाइट पावणेदोनला आले. तोवर पातेलं रिकामं झालं होतं.