गडमाथ्यावरील हेलिकॉप्टर : रायगडावरील एका वादाचा इतिहास

प्रस्तावना

इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याची पेठ लुटून शिवाजी महाराज परतत असता संगमनेरच्या परिसरात मोगली फौजेने त्यांना गाठले. या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. सभासदाच्या बखरीनुसार बहिर्जी जासुदाने आडवाटांनी लष्कर बाहेर काढले आणि महाराज पट्टा किल्ल्यावर पोहोचले. पुढे हाच किल्ला विश्रामगड म्हणून ओळखला जाऊ लागला. संगमनेर-अकोले भागातील वाचकास ही हकिकत नवी नाही. येथे ती सांगण्याचे कारण असे की, गडाचे सारे मोल त्याच्या वाटेच्या अवघडपणात कसे साठवलेले असे, हे तीवरून स्पष्ट होते. वाट ज्याला ठाऊक, गड त्याचा.

विसाव्या शतकात हेलिकॉप्टर आले आणि वाटेचा प्रश्नच संपला. जेथे पायी चढल्यावाचून जाता येत नाही अशा सार्वजनिक जागेवर आकाशातून उतरण्याचा अधिकार कोणाला असावा, यावरून जगात अनेक ठिकाणी वाद झाले. महाराष्ट्रातील असा ठळक वाद रायगडावर घडला. त्याच्या दोन प्रमुख घटना १९९६ आणि २०२१ या वर्षांतील आहेत. प्रस्तुत लेखात या वादाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

रायगड : दुर्गमतेची परंपरा

१६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून रायरी घेतल्यानंतर महाराजांनी पुढे तेथे राजधानी वसविली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा हा डोंगर तिन्ही बाजूंनी तुटलेल्या कड्यांचा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या वकिलातीची जी हकिकत उपलब्ध आहे, तीत हा गड माणसाच्या कलेपेक्षा निसर्गानेच अधिक मजबूत केला असून वर जाण्यास एकच मार्ग आहे, असा अभिप्राय आढळतो. दरबाराच्या दाराशी हत्ती पाहून या अवघड वाटेने ते वर आले कसे, याचे इंग्रजांना नवल वाटले होते. म्हणजे रायगडावर कोण कसा पोहोचला, हा कुतूहलाचा विषय साडेतीनशे वर्षांपूर्वीही होताच.

गडाची दुर्गमता प्रथम आकाशमार्गानेच भंगली, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक अतिशयोक्ती ठरणार नाही. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफगोळ्यांचा मारा केला. गडावर आग लागली, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर तो बराच काळ उपेक्षित राहिला.

या उपेक्षेतून गड बाहेर आला तो लोकांच्या प्रयत्नांनी. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये गडावर शिवोत्सव साजरा झाला. तेव्हापासून रायगड हा एका अर्थाने लोकांनी परत मिळवलेला गड आहे. कायद्याने तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. भावनेने मात्र ते तीर्थस्थान मानले जाते. चौदाशेहून अधिक पायऱ्या चढून येणारा माणूस आपल्या चढण्याला यात्रेचे रूप देतो. पुढच्या वादाचे मूळ या दुहेरी स्वरूपात आहे.

होळीचा माळ आणि १९९६

गडमाथ्यावर बाजारपेठेजवळ होळीचा माळ ही मोकळी, सपाट जागा आहे. जवळच शिर्काई देवीचे मंदिर असून माळावर महाराजांची सिंहासनाधिष्ठित मूर्ती आहे. चढउतारांनी भरलेल्या माथ्यावर एवढी प्रशस्त सपाटी दुसरीकडे सहज सापडत नाही. साहजिकच मान्यवरांची हेलिकॉप्टरे उतरविण्यासाठी हीच जागा सोयीची ठरली.

हेलिकॉप्टर हवेत तरते ते आपल्या वजनाएवढ्या बळाने हवा खाली लोटून. जमिनीजवळ आल्यावर हा झोत आडवा पसरतो आणि धूळ, वाळलेले गवत, बारीक खडे चहूकडे उधळतात. अतिविशिष्ट व्यक्तींसाठी वायुदल वापरते त्या मी-१७ जातीच्या हेलिकॉप्टरचे कमाल वजन सुमारे १३ टन असते. अशा यंत्राचा झोत उघड्या माळावर किती धूळ उडवील, याची कल्पना करण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. ही धूळ व कचरा महाराजांच्या मूर्तीवर जाऊन पडतो, हा शिवभक्तांचा मुख्य आक्षेप होता. संभाजीराजे छत्रपती यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, शिवप्रेमींच्या आंदोलनानंतर १९९६ साली गडावरील हेलिपॅड कायमचे काढून टाकण्यात आले.

याच १९९६ साली पायथ्याच्या हिरकणीवाडीपासून गडमाथ्यापर्यंत रोपवे सुरू झाला. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह येथे टाळलेला बरा. तथापि एकाच वर्षी एक यंत्र गडावरून गेले आणि दुसरे आले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आंदोलकांचा विरोध यंत्रमात्राला असता तर रोपवेलाही तितकाच तीव्र विरोध टिकून राहिला असता. रोपवेचा पाळणा तिकीट काढणाऱ्या कोणासही वर नेतो. वृद्धांना, आजाऱ्यांना, लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांना त्याने गड दाखविला. हेलिकॉप्टर मोजक्या व्यक्तींना थेट मूर्तीसमोर उतरवी. धुळीचा आक्षेप पूर्णतः खरा होताच. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्या धुळीआड मानापमानाचा एक जुना प्रश्नही होता. राजाच्या माळावर, सर्वांनी पायउतार व्हावे अशा ठिकाणी, कोणी वाहनातून उतरावे काय?

परदेशातील तीन दाखले

हा प्रश्न अन्यत्र कसा सोडविला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सुपीरियर राष्ट्रीय वनात शेकडो सरोवरे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांची वर्दळ वाढली. अनेक दिवस होडी वल्हवीत जेथे पोहोचावे, तेथे मासेमारीचे शौकीन काही मिनिटांत उतरू लागले. वनातील शांततेचे समर्थक आणि विमानावर अवलंबून असलेले विश्रामगृहांचे मालक यांच्यात संघर्ष पेटला. सिगर्ड ओल्सन या लेखकाने विमानबंदीसाठी हिरिरीने मोहीम चालविली. १७ डिसेंबर १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून या प्रदेशावर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांखाली उड्डाण करण्यास मनाई केली. विश्रामगृहांच्या मालकांनी न्यायालयात दाद मागितली, पण आदेश टिकला. यातील एक बाब लक्षणीय आहे. ज्यांचा रोजगार बुडाला तेही स्थानिकच होते, आणि त्यांची बाजू केवळ स्वार्थाची म्हणून झटकून टाकता येत नाही.

स्वित्झर्लंडने निराळा मार्ग काढला. हर्मन गायगर या वैमानिकाने १९५२ पासून हिमनद्यांवर विमान उतरविण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यामुळे असंख्य गिर्यारोहकांचे प्राण वाचले. पुढे मौजेची उड्डाणे वाढली, तेव्हा उंच पर्वतांत उतरण्याच्या जागा ठरवून देण्यात आल्या. त्यांची कमाल संख्या आज ४० आहे. संकटातील सुटकेला या बंधनातून मोकळीक आहे.

नेपाळचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने लुक्ला येथे धावपट्टी झाली, ती शाळा-दवाखान्यांचे सामान नेण्यासाठी. नंतर तीच एव्हरेस्टच्या वाटेवरील पर्यटनाचे महाद्वार बनली. आपल्याकडे केदारनाथची स्थिती याच्याशी मिळतीजुळती आहे. कस्तुरीमृगाच्या रक्षणासाठी १९७२ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यावरून यात्रेकरूंची हेलिकॉप्टरे जातात. त्यांनी किमान ६०० मीटर उंची राखावी, या अटीवरून वाद चालत आला आहे. मात्र २०१३ च्या महापुरात अडकलेल्या हजारोंना याच यंत्रांनी बाहेर काढले, हे विसरता येत नाही.

२०२१ : संकेताची पुनर्परीक्षा

डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांचा रायगड-दौरा ठरला. त्यांचे हेलिकॉप्टर गडावर उतरविण्याचे नियोजन असल्याचे वृत्त येताच शिवप्रेमी संघटनांनी विरोध नोंदविला. विरोध राष्ट्रपतींच्या येण्याला नव्हता. ते यावेत, अशीच सर्वांची इच्छा होती. तेव्हाचे राज्यसभा सदस्य संभाजीराजे यांनी ही भावना राष्ट्रपतींच्या कार्यालयापर्यंत पोहोचविली. राष्ट्रपतींनी तिचा मान राखून गडावर रोपवेने जाण्याचे ठरविले आणि ६ डिसेंबर रोजी ते रायगडावर येऊन गेले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा सौजन्याचा नमुना म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. अभ्यासकाने मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहावे. १९९६ साली जी गोष्ट 'कायमची' मिटली असे मानले गेले, ती पंचवीस वर्षांनी नियोजनाच्या कागदावर पुन्हा आली. प्रशासनाच्या स्मरणात तो संकेत राहिला नव्हता, असाच याचा अर्थ होतो. ट्रुमन यांच्या आदेशात उंचीचा आकडा होता, स्विस नियमांत जागांची संख्या आहे. रायगडावर लोकांनी आंदोलनाने मिळविलेला निर्णय होता; त्याचे रक्षण लोकांनाच दुसऱ्यांदा करावे लागले. विनंती ऐकणारी व्यक्ती त्या पदावर होती, हे भाग्य. एरव्ही सुरक्षेचे कारण पुढे करून आक्षेप बाजूस सारणे अवघड नव्हते, आणि ते कारण सर्वस्वी खोटेही ठरले नसते.

यासाठी कायद्याचा आधार नाही असे नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा संरक्षित स्मारकास हानी पोहोचविणे गुन्हा मानतो आणि २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र आखले. परंतु हे क्षेत्र बांधकामासंबंधी आहे. काही मिनिटांसाठी टेकणारे आणि उडून जाणारे यंत्र बांधकामात मोडत नाही. हवाई वाहतुकीचा कायदा, म्हणजे १९३४ चा जुना आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४, यांचा मुख्य विषय उड्डाणाची सुरक्षितता हा आहे. मूर्तीवर पडणारी धूळ आणि गडाचा मान या दोन्ही गोष्टी या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडतात.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने रायगडासह १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यापुढे या गडांवर मान्यवरांच्या भेटी वाढतील, हे उघड आहे. आपला पट्टा त्या बारांत नाही. त्याचा माथा मात्र विस्तीर्ण व सपाट आहे, हेलिकॉप्टर उतरविण्यास होळीच्या माळाइतकाच सोयीचा. उद्या तेथे कोणी उतरू म्हणाले तर १९९६ चा दाखला देणारे संगमनेर-अकोल्यात किती जण निघतील, आणि तो दाखला त्यांनी कोणत्या कार्यालयात, कोणत्या कलमाखाली द्यावयाचा?