ऑफिसात कशाला जायचं?

परवा कंपनीचा मेल आला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात हजेरी सक्तीची. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन तीन तास! आधी चिडलो. मग रविवारी जरा जुना इतिहास चाळत बसलो.

घरून प्रोग्रॅमिंग ही काही कोविडची देणगी नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली या बाईंनी 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही कंपनी काढली. बहुतेक प्रोग्रॅमर बायकाच, मुलं सांभाळत घरी कागदावर कोड लिहिणाऱ्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंगही याच कंपनीनं केलं. म्हणजे घरून काम होतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आणि सक्तीनं काय होतं? फेब्रुवारी २०१३ मध्ये याहूनं घरून काम करणाऱ्यांना ऑफिसात बोलावलं. कंपनी काही त्यानं सावरली नाही. २०१७ मध्ये तिचा मुख्य धंदा व्हेरायझनकडे गेला.

मग माणसं आपणहून कधी येतात? त्यासाठी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये जायला हवं. १९६९ मध्ये मल्टिक्स प्रकल्प त्यांनी सोडला. केन थॉम्प्सन, डेनिस रिची या मंडळींना चुटपुट लागली ती नुसत्या मशीनची नव्हे, तर मशीनभोवती जमलेल्या अड्ड्याची. पुन्हा तसा अड्डा जमेल अशी सिस्टिम हवी होती, असं रिचींनीच पुढे लिहिलंय. त्यातून युनिक्स जन्मलं! स्वतःच्या खोल्या असूनही लोक सहाव्या मजल्यावरच्या 'युनिक्स रूम'मध्ये येऊन बसायचे. १९७३ मध्ये डग मॅक्इलरॉय यांच्या डोक्यातली पाइपची कल्पना थॉम्प्सननं एका रात्रीत उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे एका ओळीचे प्रोग्रॅम लिहून एकमेकांना दाखवत सुटले.

हे वाचताना आमच्या टीममधला नवा मुलगा आठवला. गेल्या महिन्यात टपरीवर चहा पिताना म्हणाला, "सर, तीन आठवडे एका बगवर अडकलोय. कॉलवर विचारायचं धाडस होत नाही, तुम्ही बिझी असता ना." बग दहा मिनिटांत सुटला. तीन आठवडे तो रोज कॉलवर "चालू आहे" म्हणत होता आणि मी "ओके" म्हणत होतो.

असो. हजेरीच्या नियमावर माझा राग अजून आहेच. पण तो मुलगा मंगळवारी येतो. मंगळवारी मीही जाणार.