रानकुत्रा आणि कारवानी

पवनी परिसरातील जंगलात, म्हणजे २०१२ साली घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, रानकुत्रा आढळतो. नाव कुत्र्याचे असले तरी त्याचा वंश वेगळा आहे. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीनऐवजी दोनच मागच्या दाढा असतात आणि कळपातल्या सोबत्यांना तो शीळ घालून साद देतो. माणसाने तो कधी पाळला नाही, त्यामुळे त्याचे रूप निसर्गानेच घडवले.

दख्खनच्या कारवानी कुत्र्याचे तसे नाही. सशामागे वेगाने धावणारी कुत्री निवडून त्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळते तोंड ही त्या निवडीची फळे. स्वभावही तसाच घडला: हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो, हलणारी वस्तू दिसली की झेपावतो. त्याच्याच जवळच्या मुधोळ जातीला मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने आश्रय दिला. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कुत्र्यांचे मूळ काम संपवले, पण अंगातली धाव संपली नाही. अशा कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधणे हा अन्यायच आहे. त्याला रोज मोकळे रान मिळालेच पाहिजे.